उंदराचं दुखणं, माझं नाटक

माझ्या डोक्यावर एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस पडला. म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स. धरमपेठेत चष्म्याच्या दुकानाबाहेर मी उभा होतो. एप्रिल संपत आला होता, दुपारी एकदम धुळीचं वादळ सुटलं, आणि चौकात लोखंडी अँगलवर ठोकलेला तो हात जोडलेला माणूस आपल्या सगळ्या शुभेच्छुकांच्या फोटोंसकट खाली आला. मी बेशुद्ध झालो नाही, असं माझं म्हणणं आहे. दुकानदाराचं म्हणणं असं की मी बराच वेळ त्याच्या खुर्चीत बसून त्याला एकच प्रश्न विचारत होतो, "माझा नंबर वाढला काय हो?"

दुसऱ्या कुणावर पडला असता तर तो साधा अपघात. पण मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो, आणि माझं संशोधन गेली कित्येक वर्षं ह्याच विषयावर चाललं आहे. भूल दिलेल्या पांढऱ्या उंदराच्या डोक्यावर एका नळीतून ठरलेलं वजन ठरलेल्या उंचीवरून सोडायचं. काही आठवड्यांनी उंदीर वरून ठणठणीत दिसतो. खातो, पळतो, वजन वाढवतो. पण त्याला उजेड सोसत नाही, बारीकसा आवाज झाला तरी तो उडतो, आणि मिशांना काडी लावली की अंग आक्रसून कोपऱ्यात दबून बसतो. हे का होतं आणि कुठल्या औषधाने कमी होतं, हे आम्ही शोधतो. त्यावर आमचे पेपर आहेत, एक बऱ्यापैकी सरकारी अनुदान आहे आणि माझ्या खोलीत एक स्मृतिचिन्ह आहे, ज्यावर माझं आडनाव चुकलेलं आहे.

म्हणून माझा एक सहकारी शहाळं घेऊन बघायला आला तेव्हा त्याने आधी तब्येत विचारली नाही. म्हणाला, "सर, त्या अँगलचं वजन अंदाजे किती असेल? आणि उंची?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या हातात पेन होता.

पहिले काही दिवस नुसतं डोकं दुखलं. मग एका सकाळी बायकोने ओट्यावर स्टीलची ताटं एकावर एक ठेवली आणि मला वाटलं, कुणीतरी माझ्या दातांत सळई फिरवली. मी ओरडलो. ती धावत आली. "काय झालं?" म्हणाली, ते तिचं नेहमीच्या आवाजातलं बोलणंही मला लागलं. त्या दिवसापासून सुरूच झालं. ट्यूबलाइट बघितली की पोटात ढवळायचं. शर्टाच्या कॉलरमागची पट्टी मानेला करवतीसारखी घासायची, म्हणून बायकोने माझ्या सगळ्या शर्टांच्या पट्ट्या कापल्या. कंगवा डोक्याला लावणं तर शक्यच नव्हतं. केस विस्कटलेले, घरात काळा चष्मा, कानांत कापूस, अंगात उलटा बनियन. उलटा, कारण शिवणीचा काठ आत टोचायचा. घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसायचं की ह्याचं डोकं फक्त बाहेरून फुटलेलं नाही.

धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे डोक्याला मार लागलेले, फिट येणारे, अर्धशिशीने हैराण झालेले असे आम्ही सगळे एका हॉलमध्ये बसलो होतो. वर एक ट्यूब फडफडत होती. भिंतीवरच्या टीव्हीत चार माणसं एकमेकांवर भुंकत होती, आणि काउंटरवरची मुलगी माइकवरून टोकन नंबर अशा आवाजात पुकारत होती की यवतमाळहून निघालेल्या पेशंटलाही वाटेतच कळावं. मी तिला जाऊन विचारलं, टीव्ही बंद करता येईल काय? ती म्हणाली, "पेशंट बोअर होतात ना सर."

डॉक्टरांनी सीटी स्कॅन उजेडाच्या पाटीवर लावला. मी चष्मा काढला नाही.

"एकदम नॉर्मल आहे," ते म्हणाले. "काहीच नाही."

मी त्यांना माझा त्रास सांगितला. पुढे, जरा मास्तरकीच्या सुरात, हेही सांगितलं की अशा माराने मेंदूत जे बदल होतात ते सीटीत दिसत नाहीत, आम्ही उंदरांमध्ये ते बघितले आहेत.

"उंदरांचाही सीटी करता तुम्ही?"

"नाही. मेंदू काढून, काप करून बघतो."

ते हसले. "मग तेवढं आपण नको करू या. टेन्शन घेऊ नका. झोपेची एक गोळी देतो. आणि जास्त वाचू नका ह्या विषयावर."

ज्या विषयावर मी लिहितो त्या विषयावर मी वाचू नये, हा सल्ला घेऊन मी बाहेर आलो. रस्त्यावर एका सिटी बसने हॉर्न दिला आणि मी भर धंतोलीत एका अनोळखी बाईच्या पर्सला मिठी मारली.

आता घराबद्दल सांगतो. आम्ही सक्करदऱ्याला राहतो. मी, बायको आणि माझे बाबा. मुलगी शिकायला बाहेर आहे. बायको बँकेत आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, प्रकृतीने खणखणीत, आणि कानांनी जवळपास ठार बहिरे. हे शेवटचं त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवरच्या बातम्या ते अशा आवाजात लावायचे की समोरच्या घरातली माणसं आपला टीव्ही बंद ठेवून आमच्याच बातम्या ऐकायची.

म्हणजे एका छताखाली एक माणूस असा, ज्याला काहीच ऐकू येत नाही, आणि दुसरा असा, ज्याला सगळंच ऐकू येतं. माझी बायको ह्या दोघांच्या मध्ये. एकाशी ती ओरडून बोलायची, मान वळवून दुसऱ्याशी कुजबुजायची. थकून आली की तिचा गोंधळ व्हायचा. बाबांच्या कानाशी जाऊन ती हळूच पुटपुटायची, "भाजी वाढू?" आणि माझ्यावर खेकसायची, "झोप लागली का?"

त्यातून मे महिना. नागपुरात मे महिन्यात माणसं कूलरच्या भरवशावर जगतात. आमचा कूलर खिडकीत बसवलेला, लोखंडी, जुना, ट्रॅक्टरचा भाऊ. तो सुरू झाला की माझ्या कवटीत गिरणी सुरू व्हायची. बंद केला की आम्ही तिघं भाजून निघायचो. मी दुपारी हळूच जाऊन तो बंद करायचो. बाबांना आवाज गेल्याचं कळायचं नाही, पण पाठीला घाम आला की कळायचं.

"काहून बंद केला?"

"बाबा, आवाज सहन होत नाही."

"आँ?"

"आवाज! सहन! होत नाही!" हे मलाच ओरडून सांगावं लागायचं, आणि माझ्याच ओरडण्याने मी डोकं धरून खाली बसायचो.

"कूलरले आवाज असतेच," ते म्हणायचे. "आमच्या ऑफिसात तर पंखा होता, तो पंखा पडेल की छत पडेल असं वाटे. आम्ही नाही केली नाटकं. डॉक्टर म्हणते ना काही नाही? मग काही नाही."

'नाटक' हा शब्द घरात असा आला आणि मग नातेवाईकांत पसरला. एका आतेभावाने फोनवर सांगितलं की ही सगळी कॉलेजात पेपर तपासायला न जाण्याची युक्ती आहे आणि आपला तिला पाठिंबा आहे. एका मावशीने नाकात तूप सोडायला सांगितलं. एका साडूने मोबाइलवर मन शांत करणाऱ्या संगीताची लिंक पाठवली. ती मी उघडली, आणि त्यातली बासरी ऐकून मला उलटी झाली.

मला राग यायचा तो उंदराचा. आमच्या उंदराला आजवर कोणी म्हटलं नाही की बाबा रे, टेन्शन घेऊ नकोस. काडी लागल्यावर तो दबला तर आम्ही गुण मांडतो, आलेख काढतो, परदेशातला अनोळखी परीक्षक त्यावर विश्वास ठेवतो. उंदराला बोलता येत नाही म्हणून त्याचं सगळं खरं. मला एम. फार्म.ला शिकवण्याइतकं बोलता येतं, म्हणून माझं नाटक.

जूनमध्ये रजा संपली. पाऊस लांबला होता, ऊन तसंच होतं. मला स्कूटर चालवता येत नव्हती, बायकोला बँकेत लवकर जावं लागायचं, म्हणून बाबा म्हणाले, "मी सोडतो." शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मी त्यांच्या मागे बसून गेलो. बाबा अतिशय शांतपणे गाडी चालवतात, कारण मागून कोण काय हॉर्न देतं, कोण काय शिव्या देतं, ह्यातलं त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही. ते सगळं माझ्यापर्यंत पोचत होतं. मी कान दाबून, डोळे मिटून, कपाळ त्यांच्या पाठीला टेकून बसलो होतो. सिग्नलवर शेजारच्या रिक्षावाल्याने मोठ्या काळजीने बाबांच्या कानाशी ओरडून विचारलं, "काका, पेशंट आहे काय?" बाबा म्हणाले, "नाही, प्रोफेसर आहे."

आमच्या कॉलेजात प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे कूलरवर आहेत. एसी आहे तो फक्त उंदरांना. नियमच आहे. तापमान ठरलेलं, आवाज नको, उजेड मंद आणि तोही वेळ ठरवून. एका बाजूला झाकण लावलेले पिंजरे, स्वच्छ भुसा, गाळलेलं पाणी. मी त्या दिवशी आत शिरलो आणि अपघातानंतर पहिल्यांदा माझे खांदे आपोआप खाली आले. नागपुरात माझ्यासारख्या माणसाला राहण्याजोगी एकच जागा होती आणि ती उंदरांनी अडवून ठेवली होती.

बाबा बाहेरच्या व्हरांड्यात रुमालाने वारा घेत बसले होते. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, मोठी समंजस मुलगी, म्हणाली, "सर, काकांना आत बसवू या का? बाहेर चक्कर येईल त्यांना." त्यांना निळा गाउन, टोपी, मास्क घालून आम्ही चाचणीच्या खोलीत एका स्टुलावर बसवलं. एसीची हवा लागल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि भोवती बघितलं.

"हे सारं उंदरांसाठी?"

मी मान डोलावली.

"बाप्पा!"

ती मिशांची चाचणी करत होती. पहिला उंदीर निव्वळ तुलनेसाठी ठेवलेला. त्याला भूल दिली होती, पण मार दिला नव्हता. तिने लाकडी काडी त्याच्या मिशांवरून फिरवली. त्याने काडी हुंगली, सोडून दिली आणि पुढे जाऊन भिंत हुंगू लागला. मग दुसरा. हा डोक्याला मार लागलेला. दिसायला पहिल्याहून गुबगुबीत. काडी मिशांना जेमतेम टेकली, आणि तो थिजला. पाठीची कमान झाली, श्वास भराभर चालू लागला. दुसऱ्यांदा टेकली तेव्हा तो कोपऱ्यात घुसला आणि त्याने डोकं दोन्ही पंजांखाली घेतलं.

बाबा स्टुलावरून पुढे वाकले.

"याले काय झालं?"

"डोक्याला मार लागलेला आहे काका," मुलीने मोठ्याने सांगायचं टाळून आपल्या डोक्यावर हात ठेवून दाखवलं.

"पण दिसते तर चांगला."

"हो. दिसतो चांगलाच."

"हळू लाव वं बाई काडी. त्रास होऊन राहिला त्याले."

तिने काडी त्यांच्या मनगटावर फिरवली. "एवढंच लागतं हे, काका. एवढ्यानेही त्याला होतं."

बाबांनी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग उंदराकडे. मला वाटलं, आता. आता त्यांना कळणार. हे सगळं संशोधन ह्या एका क्षणासाठी झालं असं मला वाटून गेलं.

घरी आल्यावर पाणी प्यायले. मग माझ्या आतेभावाला फोन लावला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगू लागले, "अरे, काय हाल आहेत त्या जिवाचे! साधी काडी सहन होत नाही गा त्याले! अन् दिसते असा की काहीच झालं नाही!" आतेभावाने पलीकडून ओरडून काही विचारलं असावं. "नाही, नाही. उंदीर! उंदराचं सांगून राहिलो!"

फोन ठेवून त्यांनी बातम्या लावल्या. नेहमीच्या आवाजात. मी उशीखाली डोकं घालून पडलो.

पुढचे कितीतरी दिवस हेच. कॉलेजला सोडायला येताना ते उत्साहाने यायचे, एसीत बसायचे, त्या उंदराची चौकशी करायचे. एकदा त्यांनी खिशातून भाजलेले शेंगदाणे आणले, ते विद्यार्थिनीने प्रेमाने काढून घेतले. घरी मला विचारायचे, "त्याचं कसं आहे आता?"

"माझ्यापेक्षा बरं आहे," मी म्हणायचो. "त्याच्या खोलीत टीव्ही नाही."

"आँ?"

शेवटी बायकोच उखडली. एका रविवारी जेवताना तिने आधी माझ्याशी हळू, मग बाबांशी मोठ्याने, मग चुकून दोघांशी उलटं असं बोलून बघितलं, आणि हातातला डाव ठेवून दिला. ठेवून दिला म्हणजे अगदी अलगद ठेवला, रागातसुद्धा.

"मी वर्ध्याला जाते आईकडे," ती म्हणाली, एका ठाम, मधल्या आवाजात, जो मला जरा लागला आणि बाबांना जरा कमी पडला. "ह्यांचा त्रास जाईल तेव्हा जाईल. तुमचे कान तरी परत येऊ शकतात, बाबा. मशीन लावा. नाही तर तुम्ही दोघं आणि तुमचा कूलर."

"काय म्हणते?" बाबांनी मला विचारलं.

मी कागदावर लिहून दिलं.

त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "लोक हळू बोलतात ते कोणी पाहत नाही." पण सोमवारी गेले. धंतोलीतच, त्याच रस्त्यावर, कानाच्या मशीनवाल्याकडे.

दुकानातून निघताना मशीन बंद होतं. घरी येऊन त्यांनी खुर्चीत बसून ते सुरू केलं. बायको स्वयंपाकघरात होती. तिने कढईत उलथनं ठेवलं.

बाबा खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"काय पडलं?"

"काही नाही बाबा, उलथनं."

त्यांनी कूलरकडे बघितलं. इतकी वर्षं शेजारी राहिलेला माणूस प्रत्यक्षात काय लायकीचा आहे हे आज कळावं तसं बघितलं. मग बाहेरून एक भंगारवाला भोंगा लावून गेला, समोरच्यांनी गाडी मागे घेतली तेव्हा त्या गाडीने भजन वाजवलं, आमच्या कुकरने शिटी दिली. बाबांनी दोन्ही तळहात कानांवर दाबले, खांदे वर केले, आणि मान आत घेतली. मी समोरच्या दिवाणावर उलट्या बनियनमध्ये अगदी तसाच बसलो होतो. बायको दारात उभी राहून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"हे असं असते?" बाबांनी विचारलं. आवाज इतका हळू की मला पहिल्यांदाच त्यांचं बोलणं लागलं नाही. "सारा दिवस?"

"हो."

"अन् तुले ह्याच्याहून जास्त?"

"बरंच जास्त."

त्यांनी जाऊन कूलर बंद केला. आम्ही घामात बसून राहिलो. जरा वेळाने ते म्हणाले, "सांगायचं होतं मग नीट."

मशीनची सवय लागायला वेळ लागतो, असं तिथल्या मुलीने त्यांना सांगितलं होतं. ती लागली. माझाही त्रास हळूहळू, एकेक करून उतरत गेला. आधी उजेड, मग कपडे, दिवाळीपर्यंत हॉर्न. स्टीलची ताटं अजून लागतात, म्हणून आम्ही काचेची घेतली. बाबा आता टीव्ही माणसासारखा लावतात. मात्र आतेभावाचा फोन आला की मशीन काढून खिशात ठेवतात आणि "हाव, हाव" करत बसतात. धंतोलीतल्या डॉक्टरांना मी पुन्हा भेटलो, तेव्हा ते आनंदाने म्हणाले, "बघा, टेन्शन घेणं सोडलं आणि बरे झालात."

ह्या पावसाळ्यात आमच्या विद्यार्थिनीचा पेपर गेला. काम चांगलं झालं आहे. तिच्या औषधाने उंदीर काडीला कमी दबू लागले. परीक्षकाची एकच हरकत आली. माणसांमध्येही असा त्रास होतो, असं आम्ही प्रस्तावनेत लिहिलं होतं. त्याने समासात विचारलं होतं: ह्या विधानाला आधार काय?

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या डोक्यावरच्या व्रणावरून हात फिरवला. मग आम्ही दोघांनी मुकाट्याने बसून दुसऱ्या कुणाचा तरी संदर्भ शोधला आणि तिथे घातला.